न उमटलेला आलेख

आकड्यांच्या लांबलचक रकान्यांतून जे हाती लागण्यास तासभर जातो, ते रेषेच्या चढउतारांतून एका दृष्टिक्षेपात उमगते. विल्यम प्लेफेअर याने १७८६ साली लंडन येथे इंग्लंडच्या व्यापाराचे रेषालेख प्रसिद्ध केले. तेव्हापासून आलेख हे विचार करण्याचे एक साधन होऊन बसले आहे. कागदावर काढलेला आलेख चुकीचा असू शकतो. परंतु तो नाहीसा होत नाही. संगणकाच्या पडद्यावरील आलेखाचे तसे नाही. खिडकी उघडते, तिचे शीर्षक दिसते, बटणे आपापल्या जागी असतात, आणि जेथे आलेख असावयाचा तेथे एक पांढरी चौकट असते. चूक झाल्याची कोणतीही सूचना मिळत नाही. पाहणाऱ्याचा समज होतो की माहितीच नसावी.

अशी अवस्था ज्या आज्ञावल्यांत विशेषेकरून आढळते, त्यांची घडण दुहेरी असते. आकडेमोड करणारा भाग पायथन या भाषेत लिहिलेला असतो आणि चित्र काढणारा भाग जावास्क्रिप्टमध्ये. पायथन ही गिदो व्हान रॉसम या डच संगणकतज्ञाने घडविलेली व १९९१ साली प्रथम प्रसृत झालेली भाषा. तिच्यात फाइली वाचणे, सरासऱ्या काढणे, नोंदी एकत्र जुळविणे ही कामे थोडक्या ओळींत होतात. जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक याने १९९५ साली नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली, तीही केवळ ब्राउझरमधील पानांना हालचाल यावी एवढ्याच हेतूने. पुढे ब्राउझर सर्वत्र पोहोचला आणि त्याच्याबरोबर ही भाषाही पोहोचली. आज प्लॉटली, ईचार्ट्स, चार्ट-जेएस, डी-थ्री अशा जावास्क्रिप्टच्या तयार लायब्रऱ्या उपलब्ध आहेत. त्यांनी काढलेल्या आलेखावर दर्शक नेला की त्या बिंदूचे मूल्य दिसते, एखादा भाग मोठा करून पाहता येतो. पायथनच्या मॅटप्लॉटलिबने काढलेला आलेख छपाईसाठी उत्तम असतो, पण एवढी चपळाई त्याच्याकडून सहजी होत नाही.

म्हणून पायथनच्या खिडकीतच एक छोटा ब्राउझर बसवावयाचा आणि आलेखाचे काम त्याच्यावर सोपवावयाचे, ही रीत रूढ झाली. खिडक्या, बटणे व याद्या यांसाठी पायथनचे लेखक बहुधा क्यूट या मूळच्या नॉर्वेतील साधनसंचाचा आश्रय घेतात. त्यातील ब्राउझर प्रथम वेबकिट या यंत्रणेवर चालत असे. डिसेंबर २०१४ मध्ये क्यूटच्या ५.४ या आवृत्तीबरोबर क्रोमियमवर आधारलेली वेबइंजिन ही नवी यंत्रणा आली आणि २०१६ साली जुनी वेबकिट यंत्रणा त्या संचातून वगळण्यात आली. हा बदल केवळ नावाचा नव्हता. नव्या यंत्रणेत पान हे पायथनच्या प्रक्रियेत चालतच नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया निर्माण होते. एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडांसारखी ही स्थिती आहे. मधल्या भिंतीला एक लहानशी खिडकी असून तिच्यातून केवळ चिठ्ठ्या देता-घेता येतात. एका बिऱ्हाडात भांडे पडले तर दुसऱ्याला ऐकू जाईलच असे नाही. न उमटलेल्या आलेखाचे बहुतेक कोडे या एका गोष्टीत सामावलेले आहे.

तलावांच्या नोंदींचे उदाहरण

विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण कल्पू या. रायपूर शहराचा सर्वांत जुना भाग पुरानी बस्ती या नावाने ओळखला जातो. महामायेचे मंदिर याच भागात असून दूधाधारी मठही जवळच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आले. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याने या प्रदेशाचे मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविले आणि २००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. या सर्व स्थित्यंतरांत जुन्या वस्तीची एक खूण टिकून राहिली, ती म्हणजे तिच्यातील व भोवतालची तळी. बूढा तलाव, महाराजबंध, कंकाली तलाव ही नावे रायपूरच्या मराठी कुटुंबांनाही घरच्यासारखी परिचित आहेत.

समजा, या भागातील एखाद्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी तीन तलावांच्या घाटांवर मोजपट्ट्या रंगविल्या आणि रोज सकाळी पाण्याची पातळी सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवण्याचे ठरविले. वहीतील नोंदी संगणकावर चढविल्या. पायथनमध्ये एक छोटी आज्ञावली लिहिली. ती नोंदींची फाइल वाचते, आठवड्याची सरासरी काढते आणि अंतर्भूत ब्राउझरमध्ये तीन रेषांचा आलेख दाखविते. आज्ञावली लिहिणाऱ्याच्या संगणकावर सर्व काही ठीक चालले. शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर तीच आज्ञावली उघडली, तेव्हा पांढरी चौकट दिसली. मे महिन्यात तलाव किती उतरला आणि जूनच्या मध्यानंतर पावसाने किती भरला, हे नागरिकांना दाखवावे यासाठी सारा खटाटोप. आणि दाखविण्याच्या जागीच काही नाही. आता काय करावे?

आधी त्याला बोलते करावे

अननुभवी मनुष्य अशा वेळी पायथनच्या ओळी पुनःपुन्हा वाचीत बसतो. एखादी ओळ बदलतो, पुन्हा चालवितो, दुसरी बदलतो. यात दिवस जातात. वास्तविक दोष कोठे आहे हे ब्राउझरला बहुधा ठाऊक असते आणि तो ते सांगतही असतो, परंतु ऐकणारे कोणी नसते. जावास्क्रिप्टमध्ये चूक झाली की तिची नोंद पानाच्या कन्सोल नावाच्या टिपणवहीत होते. साध्या ब्राउझरमध्ये ही वही एक कळ दाबून उघडता येते. अंतर्भूत ब्राउझरला ना पत्त्याची पट्टी, ना मेनू, ना ती कळ. आणि प्रक्रिया वेगळी असल्यामुळे पायथनकडे त्या चुकीची वर्दी त्रुटी म्हणून पोहोचत नाही. पायथनच्या दृष्टीने पान दिले, काम संपले.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. आज्ञावली चित्रावर दोनदा टिचकी मारून न उघडता टर्मिनलमधून चालवावी. क्यूटचे वेबइंजिन कन्सोलमधील चुका सामान्यतः त्या टर्मिनलमध्ये छापते आणि त्या ओळींच्या आरंभी जेएस अशी खूण असते. ‘प्लॉटलीची व्याख्या झालेली नाही’ अशा अर्थाची एकच ओळ तेथे दिसली, तरी अर्धे काम झाले असे समजावे. चित्रावर टिचकी मारून उघडलेल्या आज्ञावलीत हीच ओळ छापली जाते, पण ती कोठेच दिसत नाही.

याहून टिकाऊ उपाय म्हणजे पानाच्या वर्गात कन्सोलचा संदेश स्वीकारणारे जे कार्य आधीच ठेवलेले आहे, ते स्वतः लिहून काढणे. संदेश, ओळीचा क्रमांक आणि फाइलीचे नाव या तिन्ही गोष्टी त्याच्या हाती येतात. त्या एका नोंदफाइलीत लिहून ठेवल्या की ग्रंथालयातील संगणकावर काय घडले हे दुसऱ्या दिवशीही वाचता येते. ही पाच-सात ओळींची तजवीज आज्ञावली लिहिताना पहिल्याच दिवशी करावयास हवी. दुर्दैवाने ती बहुतेकांना तक्रार आल्यानंतरच सुचते.

तिसरा मार्ग अधिक खोल जाणारा आहे. आज्ञावली सुरू करण्यापूर्वी वेबइंजिनच्या दूरस्थ तपासणीसाठी असलेल्या परिवेश-चलात एक पोर्ट क्रमांक ठेवावा. मग त्याच संगणकावरील क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट व तो क्रमांक एवढा पत्ता लिहिला की अंतर्भूत पानाची संपूर्ण तपासणी करता येते. कोणती फाइल मागितली गेली, कोणती मिळाली नाही, आलेखाच्या पेटीची रुंदी-उंची किती आहे, हे सारे डोळ्यांपुढे येते. तपासणी संपली की हे दार बंद करण्यास विसरू नये.

पान पोहोचले काय?

कन्सोल पूर्णपणे गप्प असेल, तर मुळात पान ब्राउझरपर्यंत पोहोचले की नाही, हे पाहावे. येथे एक मर्यादा पुष्कळांना चकवते. पायथनमधून पानाचा मजकूर थेट देण्यासाठी सेट-एचटीएमएल नावाची आज्ञा आहे. तिच्याद्वारे दोन मेगाबाइटांहून मोठा मजकूर दाखविता येत नाही. कारण वेबइंजिन तो मजकूर टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलते, त्याच्या पुढे डेटा हा शब्द जोडते आणि अशा रीतीने तयार झालेल्या एका प्रचंड पत्त्याकडे ब्राउझरला पाठविते. क्रोमियमने पत्त्याची कमाल लांबी ठरवून दिली आहे. ती ओलांडली की पान येत नाही. प्लॉटलीची संपूर्ण लायब्ररी पानातच घातली, तर एकट्या तिचेच वजन तीन मेगाबाइटांहून अधिक भरते. म्हणजे आलेखाचा एक बिंदूही लिहिण्यापूर्वी मर्यादा संपलेली असते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी तर याकडे अधिकच लक्ष द्यावयास हवे. रोमन लिपीतील एक अक्षर त्या सांकेतिक रूपात एकच जागा घेते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो वा काना-मात्रा, यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन जागा व्यापतो. म्हणजे एका चिन्हास नऊ जागा. इंग्रजी नावांनिशी चाचणीत उत्तीर्ण झालेला आलेख हिंदी वा मराठी टिपा घातल्यावर गडप होतो, त्याचे कारण कित्येकदा एवढेच असते.

पान पोहोचले नाही ही वार्ता कळण्याची सोय मात्र आहे. भरण संपल्याचा संकेत ब्राउझर देतो आणि त्याबरोबर यश की अपयश हेही कळवितो. तो संकेत ऐकणारी एक ओळ लिहिली असती, तर शाळेच्या आज्ञावलीस पांढऱ्या चौकटीऐवजी ‘पान भरता आले नाही’ असे स्पष्ट सांगता आले असते. मर्यादेवर खात्रीचा उपाय म्हणजे पान प्रथम डिस्कवर फाइल म्हणून लिहावे आणि त्या फाइलीच्या पत्त्यावरून ते उघडावे. फाइलीस ही मर्यादा लागत नाही.

लायब्ररी कोठून येते?

शाळेच्या उदाहरणातील खरे कारण बहुधा येथे सापडेल. लेखकाच्या घरी इंटरनेट होते, ग्रंथालयातील संगणकावर नव्हते किंवा ते मंद होते. पानात आलेखाची लायब्ररी दूरच्या सर्व्हरवरून आणावी असे लिहिलेले होते. घरी ती क्षणार्धात येत असे, म्हणून ती दूरवरून येते हेच लेखक विसरून गेला होता. ग्रंथालयात ती आली नाही, ‘प्लॉटलीची व्याख्या नाही’ ही ओळ कन्सोलमध्ये उमटली, आणि ती कोणी वाचली नाही.

मग लेखक लायब्ररीची प्रत आज्ञावलीच्या फोल्डरात ठेवतो आणि पानात तिचे नाव लिहितो. तरीही चौकट पांढरीच राहते. कारण सेट-एचटीएमएलने दिलेल्या पानाला स्वतःचे घर नसते. ते कोणत्या फोल्डरातून आले हे ब्राउझरला माहीत नसल्यामुळे शेजारची फाइल म्हणजे कोणती हे त्याला ठरविता येत नाही, आणि परक्या पानाने वापरणाऱ्याच्या डिस्कवरील फाइली वाचू नयेत हा सुरक्षेचा नियमही आड येतो. त्यासाठी मूळ पत्ता म्हणून स्थानिक फोल्डर सांगावा लागतो; त्याच्या शेवटी तिरकी रेघ असणे आवश्यक आहे, नाहीतर ब्राउझर शेवटचा शब्द फाइलीचे नाव समजतो. परंतु मूळ पत्ता स्थानिक केला की उलट बाजूची अडचण उभी राहते: स्थानिक पानाने दूरच्या सर्व्हरवरून काही मागवू नये अशी वेबइंजिनची मुळातील व्यवस्था आहे. नकाशा किंवा अक्षरवळण बाहेरून येत असेल, तर ते आता येईनासे होते. ही बंदी एका सेटिंगने उठविता येते. तथापि बंदी उठविण्यापेक्षा सर्व सामग्री जवळ बाळगणे श्रेयस्कर. पान, लायब्ररी व अक्षरवळण एकाच फोल्डरात ठेवून पान फाइल म्हणून उघडले, तर वरील दोन्ही अडचणी एकदमच दूर होतात आणि वीज असेल तेथे आलेख दिसू शकतो, मग इंटरनेट असो वा नसो.

आज्ञावलीचे एकसंध पॅकेज करून वाटताना पुन्हा हाच प्रश्न डोके वर काढतो. पायइन्स्टॉलरसारखी साधने पायथनच्या फाइली स्वतः शोधून पेटीत भरतात. जावास्क्रिप्टची फाइल पायथनने कोठे आयात केलेली नसते, म्हणून ती त्यांना दिसत नाही. ती सोबत घ्यावी असे वेगळे सांगावे लागते, आणि पेटी उघडल्यावर ती कोणत्या तात्पुरत्या फोल्डरात उतरली तेही आज्ञावलीने विचारून घ्यावे लागते.

सर्वच अंतर्भूत ब्राउझर क्यूटचे नसतात. पायवेबव्ह्यू हे साधन कार्यप्रणालीत जो ब्राउझर आधीपासून आहे तोच वापरते. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचे नवे वेबव्ह्यू-टू उपलब्ध नसेल, तर ते इंटरनेट एक्स्प्लोररच्या जुन्या यंत्रणेवर विसंबते. त्या यंत्रणेला २०१५ नंतरच्या जावास्क्रिप्टची बाणासारखी लघुरूपे वाचता येत नाहीत. एकच अपरिचित खूण भेटली की ती संपूर्ण फाइल नाकारते. दुरुस्ती आलेखात नव्हे, त्या संगणकावर नवी यंत्रणा बसविण्यात असते.

वेळ आणि जागा

पान आले, लायब्ररी आली, तरी आलेख नाही. आता वेळेचा विचार करावा. पायथनमध्ये एकामागून एक लिहिलेल्या आज्ञा त्याच क्रमाने पूर्ण होतात. परंतु भिंतीपलीकडे चिठ्ठी पाठविणे वेगळे आणि तिच्यानुसार काम होणे वेगळे. ‘पान उघड’ ही आज्ञा देऊन पुढच्याच ओळीत ‘आलेख काढ’ असे सांगितले, तर दुसरी चिठ्ठी पोहोचते तेव्हा पान अर्धवट असते आणि आलेखाची पेटी जन्माला आलेली नसते. संगणक वेगवान असेल तर कधी जमते, कधी जमत नाही. असा कधी दिसणारा व कधी न दिसणारा आलेख हा वेळेच्या दोषाचा सर्वांत ठळक पुरावा होय. मध्ये दोन सेकंद थांबण्याची आज्ञा घालणे ही पुष्कळांची आवडती मलमपट्टी. ती मंद संगणकावर हमखास सुटते. भरण संपल्याचा संकेत आल्यावरच आलेखाची आज्ञा द्यावी, हा योग्य मार्ग. जावास्क्रिप्टकडून उत्तर हवे असल्यास तेही तत्काळ मिळत नाही. ते आल्यावर कोणते कार्य बोलवावे हे आधी सांगून ठेवावे लागते.

जागेचा दोष याहून फसवा आहे, कारण त्यात प्रत्येक भाग आपले काम बिनचूक करीत असतो. तलावांच्या आज्ञावलीत तीन टॅब आहेत आणि आलेख दुसऱ्या टॅबमध्ये आहे, असे समजा. आलेख काढला गेला तेव्हा पहिला टॅब समोर होता. झाकलेल्या पेटीची रुंदी शून्य आणि उंचीही शून्य. लायब्ररीने त्या शून्य जागेत संपूर्ण आलेख काढला. वापरणारा दुसऱ्या टॅबवर गेला, तेव्हा त्याला काहीच दिसले नाही. उंची शंभर टक्के असे लिहिले असूनही हाच प्रकार घडतो, कारण बाहेरच्या पेटीलाच उंची नसेल तर शून्याचे शंभर टक्के शून्यच. ईचार्ट्स अशा वेळी रुंदी-उंची मिळत नसल्याचा इशारा कन्सोलमध्ये देते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: खिडकीचा कोपरा धरून ती किंचित मोठी-लहान करावी. आलेख एकदम प्रकट झाला, तर दोष जागेचा. टॅब समोर आल्यावर लायब्ररीस नवे माप घेण्यास सांगितले की तो नाहीसा होतो.

भिंतीवरून जाताना बदलणारे आकडे

येथपर्यंतचे दोष निदान प्रामाणिक होते. ते आलेख दाखवीत नव्हते. आता ज्यांचा विचार करावयाचा, त्यांपैकी काही आलेख दाखवितात, पण खोटा.

रोजची नोंद घेण्याच्या कामात खंड पडतोच. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद होती. जुलैमध्ये अतिवृष्टीने घाटाच्या पायऱ्या बुडाल्या व पट्टी वाचता आली नाही. त्या दिवसांचा रकाना रिकामा राहिला. पायथनमधील पांडास ही लायब्ररी अशा जागी नॅन, म्हणजे ‘संख्या नाही’, अशी खूण ठेवते. दोन भाषांमध्ये आकड्यांची देवाणघेवाण जेसन या रूपात होते, आणि जेसनच्या नियमांत नॅनला स्थान नाही. पायथनचे जेसन-साधन मात्र सांगितल्याशिवाय हा नियम पाळत नाही. ते नॅन जसेच्या तसे लिहून देते. पलीकडे जावास्क्रिप्टचा वाचक पहिल्या नॅनशी थबकतो आणि संपूर्ण मजकूर फेकून देतो. वर्षभराच्या नोंदींतील एक रिकामा दिवस सारा आलेख पुसून टाकतो. गंमत अशी की तोच मजकूर जेसन म्हणून न वाचता जावास्क्रिप्टच्या ओळीत थेट चिकटविला तर चालून जातो, कारण त्या भाषेत नॅन वैध आहे. त्यामुळे दोन विद्यार्थ्यांच्या जवळजवळ सारख्या आज्ञावल्यांपैकी एकीचा आलेख उमटतो आणि दुसरीचा नाही.

यावर सर्वांत घातक उपाय सर्वांत सोपा आहे: रिकाम्या जागी शून्य भरावे. आलेख तत्क्षणी उमटतो आणि लेखक सुटकेचा निःश्वास सोडतो. पण त्या आलेखाने आता काय सांगितले? ज्या दिवशी पाणी पायऱ्यांवरून वाहत होते, त्या दिवशी तलाव कोरडा होता, असे. आठवड्याची सरासरीही त्याच शून्याने खाली ओढली जाते. पांढऱ्या चौकटीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. या रेषेवर सर्व जण ठेवतील. रिकाम्या जागेसाठी जेसनमध्ये नल हे चिन्ह आहे. पायथनमधून पाठविण्यापूर्वी प्रत्येक नॅनचे नल करावे आणि जेसन-साधनास नॅन आढळल्यास काम थांबविण्याची सक्त सूचना द्यावी. प्लॉटली व चार्ट-जेएस यांच्यात नल आले की रेषा तेथे तुटते आणि पुढे पुन्हा सुरू होते. जावास्क्रिप्टमध्ये नलचे बळजबरीने संख्येत रूपांतर केले तर तेही शून्यच होते. म्हणून आलेखापूर्वी पानात आणखी आकडेमोड होत असेल, तर तीही तपासावी.

तारखांचा घोटाळा एका नजरेत ओळखता येतो. पायथन १ जानेवारी १९७० पासूनचा काळ सेकंदांत मोजते, जावास्क्रिप्ट मिलिसेकंदांत. हजाराने गुणावयाचे राहिले, की चालू काळातील सर्व नोंदी १९७० च्या जानेवारीत, २० किंवा २१ तारखेच्या आसपास, एका उभ्या रेघेत गोळा होतात. आलेखाची एक कडा सोडून सर्वत्र पांढरे दिसत असेल, तर क्षितिजसमांतर अक्षावरील वर्ष वाचावे. दुसरा प्रकार आपल्या प्रमाणवेळेमुळे होतो. भारतीय मध्यरात्र ही जागतिक वेळेनुसार आदल्या दिवशीची सायंकाळ, साडेसहा वाजताची. स्थानिक मध्यरात्रीची तारीख जावास्क्रिप्टने जागतिक वेळेत लिहिली की पावसाचा पहिला दिवस एक दिवस आधी सरकतो.

आणि शेवटी नावे. नोंदींची फाइल विंडोजवर उघडताना यूटीएफ-८ असे सांगितले नाही, तर तलावाच्या नावाऐवजी स्वरचिन्हे चढविलेल्या रोमन अक्षरांची निरर्थक रांग उमटते. एक्सेलमधून यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण असते. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि ‘दिनांक’ नावाचा रकाना समोर दिसत असूनही सापडत नाही. रायपुरात याहून सूक्ष्म अडचण संभवते. मराठीत आपण बूढा लिहितो, परंतु तेथील हिंदी पाटीवर ढ खाली नुक्ता असतो: बूढ़ा. हे नुक्तायुक्त अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकाच संकेताने, किंवा ढ व नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी दिसतात. नोंदींच्या फाइलीत एक प्रकार आणि पानातील रंगांच्या यादीत दुसरा असेल, तर संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे होत. महाराजबंध व कंकाली यांच्या रेषा उमटतात, बूढा तलावाची उमटत नाही, आणि नाव कितीही वेळा वाचले तरी चूक दिसत नाही. दोन्ही बाजूंची नावे तुलनेपूर्वी युनिकोडच्या एकाच प्रमाणित रूपात आणावी. तशी सोय पायथन व जावास्क्रिप्ट या दोहोंत आहे. याहूनही बरे, की रेषांची ओळख नावाने न ठेवता क्रमांकाने ठेवावी आणि नाव केवळ वाचकासाठी असू द्यावे.

पडद्याचा दोष

कन्सोल स्वच्छ, पान पूर्ण, पेटीला माप, आकडे बरोबर, आणि तरीही खिडकी पांढरी वा काळी, असे क्वचित घडते. मग संशय संगणकाच्या ग्राफिक चिपवर व तिच्या चालकावर घ्यावा. वेबइंजिन चित्रकाम त्या चिपकडे सोपविते, आणि जुन्या चालकांशी त्याचे नेहमी पटतेच असे नाही.

याचे एक सर्वपरिचित उदाहरण अंकी या आज्ञावलीत पाहावयास मिळते. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली सुरू केलेली ही पाठांतराची आज्ञावली वैद्यकीय व भाषांच्या विद्यार्थ्यांत जगभर प्रिय आहे. तिची खिडकी पायथन व क्यूटची, आतील कार्डे व आलेख ब्राउझरचे. विद्यार्थ्याने रोज किती कार्डे घोकली याचे तिच्यातील आलेख २०२० पासून डी-थ्रीच्या साहाय्याने काढले जातात. २०१८ साली तिच्या २.१ या आवृत्तीत जुन्या वेबकिटऐवजी वेबइंजिन आले. ग्राफिक चालकाशी न जुळल्यामुळे काही संगणकांवर खिडक्या रिकाम्या दिसतात, म्हणून तिच्या लेखकांनी वापरणाऱ्यालाच चालकाचा प्रकार निवडण्याची सोय सेटिंगमध्ये दिली आहे. त्यांतील एक पर्याय चिपला वगळून सर्व चित्रकाम मुख्य प्रक्रियकाकडून करविण्याचा आहे.

शाळेच्या आज्ञावलीतही तसेच करता येते. वेबइंजिन सुरू होण्यापूर्वी क्रोमियमच्या सूचनांच्या परिवेश-चलात ग्राफिक चिप वापरू नये असे लिहावे. आलेख उमटला, तर दोषाचे स्थान निश्चित झाले. हजारो बिंदूंचा आलेख मग थोडा जड चालेल. तीन तलावांच्या वर्षभराच्या रोजच्या नोंदी म्हणजे फार तर अकराशे बिंदू, त्यांना काही फरक पडणार नाही. मात्र प्लॉटलीतील बिंदुलेखाचा वेबजीएलवर चालणारा प्रकार निवडला असेल, तर तो बदलून साधा घ्यावा. चिप वगळल्यावर वेबजीएल मिळेलच याची शाश्वती नसते.